नित्य, नैमित्तिक आणि उघडी मोटार

आमच्याकडे सल्ला विचारावयास येणारे जुने विद्यार्थी बहुधा दोन प्रकारचे असतात. मुलास कोणत्या शाखेस घालावें हें खरोखरच न कळलेले, ते एक. आणि सर्व कांहीं आधींच ठरवून केवळ आमची मान डोलवून घेण्यास येणारे, ते दुसरे. गेल्या मार्गशीर्षांत जो आला तो या दोहोंपैकीं एकाहि वर्गांत बसेना. वीस वर्षांपूर्वीं तो आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे. आज वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत त्याचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे आणि सव्वाशें माणसें त्याच्याकडे कामास आहेत. त्यानें आमच्या टेबलावर दोन गुळगुळीत रंगीत माहितीपत्रकें मांडलीं आणि विचारलें, “सर, दोन्ही मोटारी छप्पर उघडणाऱ्या आहेत. रोज कारखान्यांत जाण्यायेण्यास यांतली कोणती घ्यावी?”

प्रश्न ऐकून आम्हांस हसूं आलें, तें आम्हीं आवरलें. वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हा प्रश्न मोटारी विकणाऱ्यास विचारावयाचा. नीतिशास्त्र शिकविणाऱ्यास नव्हे. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. दोन आंब्यांपैकीं कोणता गोड, यांत धर्माधर्माचा संबंध काय? परंतु तो निघून गेल्यावर त्याच्या वाक्यांतला एक शब्द आमच्या मनांतून जाईना. तो शब्द ‘रोज’ हा होय.

प्रथम मोटारींविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण वस्तूची माहिती नसतां तिच्या मोहाविषयीं लिहिणें हा आम्हां अध्यापकवर्गाचा जुना दोष आहे. पहिली मोटार बी.एम.डब्ल्यू. कंपनीची झेड-४. ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरीं तयार झालेली आणि दोनच माणसें बसतील एवढी. २०२३ सालीं तिची नवी आवृत्ति भारतांत आली तेव्हां नोंदणी व विमा सोडून तिची किंमत ८९ लाख ३० हजार रुपये होती. दुसरी मर्सिडीजची सीएलई, जर्मनींतील ब्रेमेनची. हिच्यांत मागें आणखी दोन आसनें आहेत. ही २०२४ सालीं इकडे आली ती १ कोटी १० लाखांस. दोहोंचें छप्पर कापडाचें. पहिलीचें दहा सेकंदांत उघडतें किंवा मिटतें, आणि ताशीं पन्नास किलोमीटरपर्यंत गाडी धांवत असतांहि तें करतां येतें. दुसरीस वीस सेकंद लागतात, पण वेगाची मर्यादा साठ आहे. (क्रांति चौकापासून सेव्हन हिलपर्यंत जालना रस्त्यानें संध्याकाळीं गेलेल्या मनुष्यास हीं बंधनें मुळींच जाचणार नाहींत.) दुसरीच्या कारखानदारांनीं आणखी एक युक्ति काढली आहे. आसनाच्या वरच्या भागांतून मानेवर ऊन हवा सोडतात, म्हणजे थंडींतहि छप्पर उघडें ठेवतां यावें. वैशाखांत पारा चाळिसांच्या वर जाणाऱ्या आमच्या शहरांत बसून हें वाचतांना आम्हीं माहितीपत्रक क्षणभर खालीं ठेवलें.

रोजच्या वापरास दोहोंची अडचण एकच. पोट जमिनीलगत, आणि रस्ते आमचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अशा सौम्य चढाचा सांगितला आहे. आमच्या वस्त्यांतले गतिरोधक, ज्या गल्लींत अपघात झाला तिच्या संतापाच्या मापाचे असतात. शिवाय धूळ. ती धुवावयास पाणी पाहिजे, आणि पैठणचा नाथसागर तुडुंब भरलेला असतांहि नळाला कित्येक दिवसांनीं एकदां पाणी आलेलें आमच्या शहरानें वर्षानुवर्षें पाहिलें आहे.

हें सर्व त्याला आमच्याहून अधिक ठाऊक होतें. त्यानें हिशेबहि केला होता. उन्हाळ्याचे चार महिने छप्पर मिटलेलें, पावसाळ्याचे चार महिने मिटलेलें; राहतां राहिल्या कार्तिकापासूनच्या सकाळा. “सर, शंभर दिवस तरी मिळतील. शंभर पुष्कळ झाले.” मग तो जरा थांबला आणि म्हणाला, “वडील मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. तो वारा अजून लक्षांत आहे.”

त्याचे वडील आम्हांस आठवतात. १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानें लहान लहान कारखाने उभे राहिले, तेव्हां गंगापूर तालुक्यांतून जे लोक शहरांत आले त्यांपैकीं ते एक. एका शेडमध्यें फिटर होते. छावणीवरून, नगर नाक्यावरून, छोट्या पंढरपुरावरून सायकलनें जात आणि रात्रपाळी करून सकाळीं येत. त्यांना वाऱ्याचें कौतुक नव्हतें. पौषांत तो कानांत शिरे म्हणून ते मफलर गुंडाळीत, फाल्गुनांत तो तोंडावर येई म्हणून वांकून पायंडल मारीत. जो वारा मुलानें कोटभर रुपये देऊन विकत घ्यावयाचा ठरविला आहे, तो बापास फुकट मिळत होता आणि नको होता. तेव्हां मुलगा पैसे मोजणार ते वाऱ्याचे नव्हेत. वारा नको झाला म्हणजे दहा सेकंदांत तो बाहेर ठेवतां येतो, त्या सत्तेचे ते पैसे आहेत. उघड्या मोटारीची किंमत तिच्या मिटण्यांत आहे. ज्याला छप्परच नाहीं त्याच्या उघडेपणास कोणी चैन म्हणत नाहीं.

चैनीच्या मोटारींचा वाद आमच्या शहरास नवा नाहीं. तेव्हां या शहराचें नांव औरंगाबाद होतें. ऑक्टोबर २०१० मध्यें येथील कांहीं व्यापारी व उद्योजक मंडळींनीं एकत्र येऊन दीडशें मर्सिडीज मोटारी एकदम विकत घेतल्या; व्यवहार सुमारें ६५ कोटींचा. देशभर वर्तमानपत्रांत बातमी झळकली. मागासलेल्या मराठवाड्यांतलें म्हणून ज्या शहराकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं त्याकडे जगानें पाहावें, असें घेणाऱ्यांचें म्हणणें. स्टेट बँकेनें यांपैकीं पुष्कळांस सात टक्के व्याजानें कर्ज दिलें होतें. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पी. साईनाथ यांनीं ‘द हिंदू’ पत्रांत याच भागांतील ट्रॅक्टरच्या कर्जाचा व्याजदर त्याच्या शेजारीं मांडून दाखविला. तो कितीतरी अधिक होता.

त्या दिवसांत आमच्या अध्यापक-कक्षांत चहाबरोबर या दीडशें मोटारींचा रोज समाचार घेतला जाई, आणि त्यांत आम्ही मागें नव्हतों. आज मागें वळून पाहतां दिसतें कीं, आमचा सर्व राग मोटारींवर होता. व्याजावर तोंडीं लावण्यापुरता होता. मोटार रस्त्यांत दिसते, चकाकते, आपल्या स्कूटरच्या पुढें उभी राहते. व्याजाचा दर खातेवहींत असतो. वास्तविक कोणी आपल्या कमाईची मोटार घेतली यांत शेतकऱ्याचें कांहींच हिरावलें जात नव्हतें; हिरावलें जात असेल तर तें त्या दोन दरांमधील अंतरांत. परंतु नीतिवेत्त्याची दृष्टि बहुधा चकाकणाऱ्या वस्तूवर प्रथम जाते, आणि तेथेंच ती थकते. शिवाय आमच्या शहराच्या पूर्वेस, शेंद्र्यास, स्कोडाच्या कारखान्यांत ऑडीच्या मोटारी जुळविल्या जातात. तेथें पाना फिरविणारीं मुलें आमच्याच खेड्यापाड्यांतलीं. चैन सरसकट पाप ठरली तर त्यांच्या पगाराचें काय करावयाचें, हें आम्हीं त्या चहाच्या वेळीं विचारलें नाहीं.

हा युक्तिवाद अर्थात् जुना आहे. मँडेव्हिलनें १७१४ सालीं मधमाश्यांची गोष्ट लिहून जगास डिवचलें कीं, खासगी दुर्गुणांतूनच सार्वजनिक भरभराट होते. व्हेब्लेननें १८९९ सालीं उलट दाखविलें कीं, श्रीमंतांचा पुष्कळ खर्च सुखासाठीं नसून दुसऱ्यास दिसण्यासाठीं असतो. दोघेहि हुशार, दोघेहि थोडे तिरकस. आमच्या विद्यार्थ्यास ते फारसे लागू पडत नाहींत. त्याला दिसण्याची हौस असती तर त्यानें याहून थोराड मोटार घेतली असती. तिसरा ह्यूम. त्याचा चैनीवरील निबंध १७५२ चा. पुढें त्यानें त्याचें नांव बदलून अधिक सभ्य केलें. ह्यूमचें म्हणणें असें कीं, कोणतेंहि सुख स्वतः दुष्ट नसतें. मनुष्याचा सारा खर्च तेंच गिळूं लागलें आणि त्याच्या स्थितीस शोभेल तें कर्तव्य व औदार्य करण्यास कांहीं उरलें नाहीं, म्हणजे तें दुष्ट होतें. ही कसोटी आम्ही वर्गांत पंचवीस वर्षें सांगत आलों. आमचा विद्यार्थी तिला उतरतो असेंच आम्हांस वाटलें. त्याच्या औदार्याची साक्ष आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत उभी आहे. सहा लोखंडी कपाटें आणि त्यांतलीं पुस्तकें त्याच्या देणगीचीं. आभाराचें पत्र आम्हींच लिहिलें होतें.

तरीहि ‘रोज’ हा शब्द राहिलाच. आमच्या शास्त्रकारांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे विभाग केले आहेत. प्रसंग आला म्हणजे करावयाचें तें नैमित्तिक, फळाच्या इच्छेनें करावयाचें तें काम्य, आणि रोज करावयाचें तें नित्य. आम्हांस वाटलें कीं, चूक येथें आहे. चैन ही पूर्वीं नैमित्तिक असे. १९४८ पर्यंत ज्यांची या शहरावर सत्ता होती त्या हैदराबादच्या निजामांपैकीं सहाव्यांनीं, मीर महबूब अली खान यांनीं, १९११ सालीं रोल्स-रॉइस मोटार मागविली. ती हातीं येण्यापूर्वींच ते निवर्तले. पिवळ्या रंगाची, आंत सिंहासनासारखी उंच बैठक असलेली ती गाडी समारंभापुरतीच होती. तिच्यांतून कोणी रोज कचेरींत गेला नाहीं. आणि निजाम कशाला, आमच्या घरांतून पैठणी होती. लग्नामुंजींत ती पेटींतून निघे, शेजारणी पदरावरचे मोर पाहावयास जमत, दुसऱ्या दिवशीं ती घडी होऊन परत जाई. त्यांच्या पाहण्यांत थोडा मत्सर असेल, पण वांटाहि असे. जी चैन रोजची झाली ती पाहावयास कोणी येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर मालकासहि ती चार महिन्यांत दिसेनाशी होते. रोज नेसलेली पैठणी ही केवळ एक महाग साडी होय.

हा सिद्धान्त आम्हांस इतका आवडला कीं, चैत्रांत त्याच्याकडे जेवावयास गेलों असतां आम्हीं तो पानावरच मांडला. त्याची आई वाढीत होती. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “सर, माझी पैठणी पेटीतच राहिली. ह्याच्या वडलांनी हौसेनं घेतली होती. दोनदा नेसले. ते गेल्यावर काढली, तर घडीघडीवर जर तुटलेली. रोज नेसले असते तर निदान नेसून फाटली असती.”

आम्हीं वरण वाढून घेतलें. या बोलण्यास उत्तर नाहीं, आणि आजहि आम्हांस तें सुचलेलें नाहीं. प्रसंगाची वाट पाहत पेटींत ठेवलेलें सुख हें पुष्कळदां कसरीचें सुख असतें, आणि आमच्या मध्यम वर्गानें त्यालाच संयम असें नांव दिलें आहे. आमच्या स्वतःच्या घरीं पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या कपबश्यांचा एक संच आहे. तो आमच्या लग्नांतला. त्यांत चहा पिण्याएवढा मोठा पाहुणा अद्याप यावयाचा आहे. तेव्हां शंभर सकाळा उघड्या मोटारींतून जाऊं इच्छिणाऱ्या मनुष्यास ‘चैन प्रसंगापुरती ठेव’ असें सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आम्हीं आमचा सिद्धान्त त्या पानावरच सोडला.

जेवणानंतर तो आम्हांस कारखाना दाखवावयास घेऊन गेला. दुपारचे तीन वाजले असतील. आंत पाऊल टाकतांच उष्णतेनें एकदम श्वास कोंडल्यासारखा झाला. शेडवर साधे लोखंडी पत्रे. त्यांच्याखालीं लेथ, प्रेस, आणि भट्टीजवळ तिघे. कित्येकांनीं डोक्यावर ओला पंचा टाकला होता. एक मध्यमवयीन कामगार पंख्याचें तोंड दर थोड्या वेळानें शेजारच्या पोराकडे वळवी, आणि तें पोर पुन्हां त्याच्याकडे वळवी. आमची नजर वर गेलेली पाहून आमचा विद्यार्थीच बोलला, “पत्र्यांखालीं आवरण बसवायचं आहे, वर फिरते झरोके. अकरा लाखांचा अंदाज आला आहे. पुढच्या वर्षीं नक्की.” बरोबर असलेल्या वृद्ध पर्यवेक्षकानें त्याच्याकडे न पाहतां आम्हांस म्हटलें, “चार वर्षं पुढच्याच वर्षी आहे, साहेब.” तो हें रागानें म्हणाला नाहीं. विद्यार्थीहि रागावला नाहीं, हसला.

तो वाईट मनुष्य नाहीं. मागें एका कामगाराच्या मुलीच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च त्यानें केला, हें आम्हांस त्या पर्यवेक्षकानेंच त्याच दुपारीं सांगितलें. दिवाळीस तो सढळ हातानें देतो. कोणी दारीं आलें, कांहीं घडलें, कीं त्याचा हात खिशांत जातो. छप्पर मात्र कांहीं घडत नाहीं. तें रोज तापतें, रोज संध्याकाळीं निवतें, आणि कोणी त्याबद्दल अर्ज घेऊन येत नाहीं. कारखान्याच्या भिंती व छप्पर असें असावें कीं आंतली उष्णता होईल तितकी कमी राहील, हें १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमांत घातलें होतें. म्हणजे येथें भूतदयेची बाब नव्हतीच, साध्या देण्याची होती. नित्य कर्माविषयीं मीमांसकांच्या एका प्रसिद्ध मताप्रमाणें, तें केल्यानें पुण्य पदरीं पडत नाहीं. न केल्यास मात्र दोष लागतो. पत्र्याखालीं आवरण घालणाऱ्याचें नांव कोणत्याहि कपाटावर रंगविलें जात नाहीं.

ह्यूमनें दोन शब्द लिहिले होते, कर्तव्य आणि औदार्य. आणि कर्तव्य आधीं लिहिलें होतें. आम्हीं पंचवीस वर्षें दोन्ही शब्द वर्गांत उच्चारले आणि हिशेबाच्या वेळीं दुसराच मोजला, कारण दुसरा आमच्या वांट्यास आला होता. अकरा लाख म्हणजे त्या मोटारीच्या किंमतीचा दहावा-आठवा हिस्सा. मोटार घेऊं नये असें यांतून निघत नाहीं. तो मोटार न घेता तर ते पैसे शेडवर गेले असते, असें मानण्यासहि कांहीं आधार नाहीं. गेलीं चार वर्षें मोटार नव्हती आणि आवरणहि नव्हतें. प्रश्न पैशाचा नव्हता. त्याच्या मनांत सुखानें ‘रोज’चें आसन घेतलें होतें आणि त्या शेडला ‘कधीं तरी’चें दिलें होतें, एवढेंच. आणि हें त्याला सांगण्यास तेथें सर्वांत योग्य मनुष्य आम्हीच होतों. त्यानें आम्हांस विचारलेंहि होतें. पगारी नोकरास नाहीं, आम्हांस विचारलें होतें.

परततांना छोट्या पंढरपुराजवळ सिग्नलला गाडी थांबली. आषाढींत येथें शहरांतून पायीं येणाऱ्यांची एवढी दाटी होते कीं मोटार पुढें सरकत नाहीं. त्या दिवशीं मात्र पाळी सुटलेल्या सायकली आणि मोटरसायकलीच होत्या. सारे तोंडाला रुमाल बांधलेले. आमच्या काचा मिटलेल्या होत्या आणि आंत गार हवा चालू होती. ती आम्हांस बरी वाटत होती, हेंहि लिहून टाकतों. त्यानें विचारलें, “मग सर, कोणती?”

शेडचा विषय अगदीं ओठांवर होता. ग्रंथालयाच्या दुसऱ्या खोलीस अजून कपाटें नाहींत, हेंहि त्याच क्षणीं आठवलें. आधीं कोणतें आठवलें हें आज प्रामाणिकपणें सांगतां येत नाहीं. आम्ही म्हणालों, “चार माणसांची घे. आईला बसतां येईल.”

तो खूष झाला. त्याच्याहि मनांत तेंच होतें, म्हणाला. सल्ला चांगलाच होता. त्यांत आजहि आम्ही बदल करणार नाहीं. रंग कोणता, हें त्याची मुलगी ठरविणार आहे, आणि गाडी यावयास कांहीं महिने लागतील.

तो या मासिकाचा जुना वर्गणीदार आहे. अंक त्याला कारखान्याच्या पत्त्यावर जातो. हा त्याच्या हातीं पडेल तेव्हां वैशाख लागलेला असेल.